मधपेटीतील नर
(परिसर अभ्यासाच्या पाठाकरिता)

मधमाश्यांवरील पाठ शिकविताना बहुतेक शाळांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. राणी अंडी घालते, कामकरी माश्या दिवसभर राबतात आणि नर आयते बसून खातात. म्हणून शेवटी त्यांना हाकलून देण्यात येते. आळसाचे फळ मुलांच्या मनावर ठसविण्यास ही गोष्ट मोठी सोयीची आहे. पण ती खरी नव्हे. ज्या गावात कोणी परसात मधपेटी ठेविली असेल, तेथे तर ती नुकसानही करते. नर म्हणजे फुकटखाऊ, ही समजूत घेऊन मोठा झालेला मुलगा पेटीची चौकट हाती येताच नरांची घरे सुरीने कापून टाकतो, आणि गावातील नव्या राण्या नीट अंडी का घालीत नाहीत याचे कारण भलतीकडे शोधीत बसतो.

पाठापूर्वी कोणत्या माशीविषयी बोलावयाचे ते शिक्षकाने निश्चित करावे. उंच झाडास किंवा कड्यास लोंबणारे आग्या मोहोळ आणि झुडपातील लहानशी फुलोरी माशी यांना पेटी मानवत नाही. त्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. पेटीत नांदते ती अंधाऱ्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, आणि तिच्या जोडीस परदेशातून आणलेली मेलिफेरा. पुढील विवेचन मुख्यतः या दोन जातींस लागू आहे.

नर ओळखणे अवघड नाही. तो कामकरी माशीहून जाड असतो, त्याचे पोट बोथट असते व उडताना त्याचा आवाज घोगरा येतो. सातेरीचा नर काळपट दिसतो. त्याचे डोळे इतके मोठे असतात की ते डोक्याच्या माथ्यावर एकमेकांस भिडतात. कामकरी माशीच्या शृंगिकेस बारा पेरे, तर नराच्या शृंगिकेस तेरा. याउलट त्याच्या मागील पायांवर परागाची टोपली नाही, पोटाखाली मेणाच्या ग्रंथी नाहीत आणि त्यास नांगीही नाही. म्हणजे तो काम टाळतो असे नव्हे. त्या कामाची अवजारेच त्याच्यापाशी नाहीत. जी अवजारे आहेत, ते मोठे डोळे व तीक्ष्ण शृंगिका, ती भिंगाखाली दाखविली की ती कशासाठी असावीत हे मुलेच सांगतील. नांगी नसल्यामुळे नर हातात धरून दाखविता येतो. मात्र तो नरच आहे याची खात्री शिक्षकाने आधी करून घ्यावी.

पोळ्यावरही नरांची घरे निराळी दिसतात. ती थोडी मोठी असून बहुधा पोळ्याच्या खालच्या कडेस असतात. सातेरीत त्यांचे टोपण टणक व टोकदार असते आणि त्याच्या मध्यभागी टाचणीने पाडावे तसे छिद्र असते. अशी टोपणे पेटीच्या तळफळीवर पडलेली आढळली, म्हणजे नर बाहेर पडू लागले असे समजावे. मेलिफेरात अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास राणीला १६, कामकरी माशीला २१ आणि नराला २४ दिवस लागतात. सातेरीत हा काळ थोडा कमी असतो.

नराची उत्पत्ती हा या पाठातील सर्वांत नवलाचा भाग होय. नर आणि मादी हे शब्द नळदुर्गच्या पाणीमहालावरून कोसळणाऱ्या दोन धबधब्यांमुळे जिल्ह्यातील मुलांच्या तोंडी आहेतच. पण मधमाशीत नर कसा होतो, हे मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते. राणीने फलित अंडे घातले तर त्यातून मादी, म्हणजे कामकरी माशी किंवा राणी, निपजते; अफलित अंड्यातून नर निपजतो. कामकरी माशीच्या पेशीत ३२ गुणसूत्रे असतात, नराच्या पेशीत केवळ १६. सायलेशियातील एक धर्मोपदेशक योहान झिएरझोन याने १८४५ साली हा विचार मांडला, तेव्हा तो अनेकांना पटला नाही.

याचा अर्थ असा की नराला बाप नसतो, पण आजोबा असतो, आईचा बाप. यावरून गणिताचा एक सुंदर तास घेता येतो. फळ्यावर एका नराची वंशावळ उलट्या दिशेने काढावी. त्याला आई एकच. तिचे आईबाप दोन. त्यांच्या मागच्या पिढीत तीन, त्यामागे पाच, त्यामागे आठ. प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज आहे, हे मुलांनी स्वतः शोधावे. शिक्षकाने घाई करू नये. हीच संख्यामाला लघु-गुरू अक्षरांची मांडणी मोजताना बाराव्या शतकात हेमचंद्राने दिली होती, ही गोष्ट वरच्या वर्गास सांगण्यासारखी आहे.

आता नराचे काम. जन्मानंतर दहा-बारा दिवसांनी तो प्रौढ होतो आणि स्वच्छ हवेच्या दिवशी पेटीबाहेर पडतो. नवी राणी पेटीच्या आत कधीही मीलन करीत नाही. ती उंच आकाशात, निरनिराळ्या वसाहतींचे नर जेथे जमतात अशा ठिकाणी जाते. मीलन बाहेर घडते, हे जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. ह्यूबर अंध होता. तो प्रश्न विचारी, आणि त्याचा सेवक ब्यूर्नेन्स पाहून उत्तर देई. एक राणी अशा उड्डाणांत दहा-वीस, कधी त्याहूनही अधिक, नरांशी मीलन करते. मीलन होताच नर मरतो. त्याचे बीज राणी आपल्या शरीरातील एका कोशात साठविते व पुढे मीलन न करता वर्षानुवर्षे त्यावर फलित अंडी घालते. पेटीतील प्रत्येक कामकरी माशी अशा एखाद्या मेलेल्या नराची लेक असते.

एकाच गावच्या आकाशात तीन जातींचे नर उडत असता घोटाळा कसा होत नाही? श्रीलंकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे आढळले की फुलोरीचे नर दुपारी १२ ते अडीचपर्यंत, सातेरीचे सव्वाचार ते सव्वापाच आणि आग्याचे सूर्यास्ताच्या सुमारास सहानंतर उडतात. जणू एकाच इमारतीत तीन पाळ्यांची शाळा. प्रदेशानुसार या वेळा बदलतात. आपल्या गावची वेळ शाळेने स्वतःच नोंदवावी.

राणीला परक्या वसाहतीचे नर का हवेत, हा प्रश्न पेटीवाल्याच्या थेट हिताचा आहे. गावात एकच पेटी असून आसपास दुसरी वसाहत नसेल, तर नव्या राणीस भेटतात ते तिचे भाऊच. लिंग ठरविणाऱ्या जनुकाची दोन भिन्न रूपे अंड्यात एकत्र आली तर मादी होते. दोन्ही सारखी आली तर अंडे फलित असूनही नर होतो, आणि असल्या निरुपयोगी नराची अळी कामकरी माश्या खाऊन टाकतात. पोलंडच्या येर्झी वोइके यांनी १९६३ च्या सुमारास हे मेलिफेरात सिद्ध केले. राणीच्याच रूपाचे जनुक असलेल्या भावाशी मीलन झाले, तर त्याच्या बीजापासून झालेल्या फलित अंड्यांपैकी निम्मी अशी वाया जातात. पोळे चाळणीसारखे दिसू लागते, कामकरी माश्या कमी निपजतात, मध घटतो.

म्हणून गढीच्या पडक्या भिंतीत, जुन्या विहिरीच्या कपारीत किंवा लिंबाच्या ढोलीत राहणारे सातेरीचे मोहोळ पेटीवाल्याचे प्रतिस्पर्धी नसून सोयरे आहे. त्याच्या राणीला नर तेथूनच येतात. ते मोहोळ टेंभा लावून जाळले, की मूठभर मधासाठी परसातील पेटीचे सोयरे नाहीसे होतात. तुरीवर, कारळ्यावर किंवा सूर्यफुलावर फुलोऱ्यातच विषारी औषध फवारल्यानेही तेच घडते. शिवारात परागीभवन करणाऱ्या माश्या मुळात याच वसाहतींतून येतात.

नर हाकलले जातात, ही गोष्ट मात्र खरी आहे. धाराशिव जिल्ह्यातील मुलांस टंचाई हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फुले संपली, पराग येईनासा झाला, की कामकरी माश्या नरांना मधापासून दूर सारतात व दाराबाहेर लोटतात. ही शिक्षा नव्हे. घरात धान्य नसताना घेतलेला तो कठोर निर्णय आहे. पुन्हा फुलोरा आला की त्याच माश्या नरांची घरे पुन्हा बांधतात. यास्तव पेटीत नर दिसणे हे सुकाळाचे लक्षण मानावे. यास एक अपवाद आहे. राणी मेली आणि नवी झाली नाही, तर काही कामकरी माश्या अंडी घालू लागतात. ती अफलित असल्याने नुसते नरच निपजतात. एकेका घरात अनेक अंडी आणि कामकरी माश्यांच्या लहान घरांवर फुगीर टोपणे दिसली, तर वसाहत लयास चालली असे जाणावे आणि मधपाळास लगेच कळवावे. राज्याचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे, तसेच पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

निरीक्षणासाठी मुलांस पेटीच्या समोर उभे करू नये. बाजूस, चार-पाच पावलांवर बसवावे. पेटी शिक्षकाने किंवा मुलांनी उघडू नये. डंख झालाच तर नांगी नखाने खरवडून काढावी. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर मुलास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. शाळा सुटल्यावर अर्धा तास दाराशी ये-जा करणारे नर मोजावेत, आणि वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, नरांची संख्या व शिवारात त्या दिवशी फुललेली पिके व झाडे हे पाच रकाने ठेवावेत. वर्षभर ही वही चालली तर नर कोणत्या फुलाबरोबर येतात आणि कोणत्या महिन्यात दिसेनासे होतात, हे त्या गावापुरते प्रथमच लिहिले जाईल.