भात पिकण्याच्या दिवसांतली बालवाडी



पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर आश्विन लागला की पाऊस हात आखडता घेतो आणि चार महिने चिखल झालेले बालवाडीचे अंगण पुन्हा बसण्याजोगे होते. हळवे भात कापणीला येते, नागलीची कणसे वाकतात, कुरडूचे तुरे बांधावर दिसू लागतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायला वर्षातले हे सर्वांत उत्तम दिवस. पण ते मोजके असतात. ते का, हे पुढे सांगते.

आपल्यापैकी अनेकजण प्रेमाने प्लास्टिकची खेळणी पाठवतात. त्यांचे आभार. तरीही या दिवसांत ती आम्ही पेटीतच ठेवतो. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी परिसरातल्याच वस्तू साधने म्हणून वापरल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आम्ही त्याच वाटेने चालतो.

समजा, सुपात भात, नागली आणि उडीद एकत्र केले आहेत. मूल ते तीन करवंट्यांत निवडते. उडीद पटकन निघतो, भातही निघते. नागलीचा दाणा मात्र इवलासा, तो चिमटीत धरताना बोटांची कसोटी लागते. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमटी कामाला येते. ताईने मध्ये बोलू नये. मूल स्वतःहून “झालं!” म्हणेपर्यंत थांबावे. (हे थांबणे मला फार उशिरा जमले.)

दुसरा खेळ सावलीचा. ढग गेल्यामुळे ऊन स्वच्छ पडते. सकाळी नऊला एका मुलाला उभे करून त्याच्या सावलीच्या टोकाला दगड ठेवायचा, अकराला पुन्हा त्याच जागी उभे करायचे. “सावली कोणी खाल्ली?” असे एका पोरीने विचारले होते. उत्तर देऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा दगड ठेवा.

साग, पळस, आंबा यांची पाने लहान-मोठी लावणे, भाताच्या पेंढ्याची वेणी घालणे हेही होते. वस्तूचे नाव आधी मुलाला त्याच्या वारली बोलीत सांगू द्यावे, मग आपण मराठी शब्द जोडावा. उलट केले की मूल गप्प होते.

एक इशारा. एकदा मोजणीसाठी एका मुलाने घरून पिशवीभर बिया आणल्या आणि मी कौतुकाने त्या सर्वांसमोर ओतल्या. त्यात लाल-काळ्या गुंजा होत्या. गुंज विषारी, एक बी चावली गेली तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. बाजूला बसलेल्या आजीने ओरडून माझा हात धरला. तेव्हापासून आलेली प्रत्येक पिशवी आधी मी पाहते, आणि दाणे नाकात-कानात जाऊ नयेत म्हणून एका ताईसमोर पाच-सहाच मुले बसवते.

आता ते मोजके दिवस. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले सोबतच जातात. तिथे बहुतेकदा ना अंगण, ना ताई. म्हणून या आठवड्यांत आम्ही आयांना बोलावून हेच खेळ दाखवतो. आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती एक कापडी पुरचुंडी देतो: दहा चिंचोके, दोन खडू, सुतळीचा तुकडा.

कोणाकडे शिवणकामाचे उरलेले जाड सुती कापड असेल तर दिवाळीआधी आठ दिवस आमच्यापर्यंत पोहोचवावे. वीतभर तुकडाही चालतो.