‘गॅस संपला’ म्हटलं की लगेच मान डोलवू नकोस

अगं, एसीतून वारा येतोय पण गारवा नाही, असं झालं की येणारा मेकॅनिक दारातूनच म्हणतो, ‘ताई, गॅस संपला.’ एसीतला गॅस काही स्वयंपाकाचा सिलिंडर नाही, वापरून संपायला. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस तिथूनच निघून जाणार.

पण गॅसवर जायच्या आधी घरातलं बघ. रिमोटवर कूल मोड आहे ना? पोरं बटणं दाबून ठेवतात आणि नुसता पंखा फिरत राहतो. मग आतल्या युनिटच्या जाळ्या काढ. आपल्या जळगाव-धुळ्याच्या धुरळ्यात पंधरा दिवसांत त्यांवर राखाडी थर बसतो. साध्या पाण्यानं धू, सावलीत वाळव.

दुपारी दगा देतो आणि रात्री बरा चालतो का? मग बाहेरच्या युनिटकडे बघ. खोलीतली उष्णता बाहेर टाकायचं काम त्याचं. एसी किती टनाचा, हे बाहेर ३५ अंश धरून ठरवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, पश्चिमेच्या भिंतीपाशी तर आणखी. त्यात मागच्या बारीक पत्र्यांत धूळ नि कापसाचे तंतू अडकले की कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. युनिट गच्चीवर हाताशी असेल तर मेन स्विच बंद करून पाइपच्या हलक्या धारेनं धू. जोरात मारलंस तर पत्र्या वाकतील. कव्हर मात्र उघडू नकोस, कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. भिंतीला बाहेर टांगलेलं युनिट मेकॅनिकलाच धुऊ दे. वर सावली कर, पण समोरची हवा मोकळी ठेव. संध्याकाळी दिवे मिणमिणत असतील तर व्होल्टेजही बघून घे.

आणि एसीबरोबर कूलर लावू नकोस गं. कूलरनं हवा ओली होते, ती ओल काढण्यातच एसीची ताकद जाते. १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही. २४ ठेव, जोडीला छताचा पंखा लाव.

एवढं करूनही तांब्याच्या नळीवर बर्फ धरत असेल, तर आता गॅसचा संशय घे. मेकॅनिकला सांग, ‘आधी प्रेशर देऊन, साबणाचा फेस लावून गळती दाखवा. ती बुजवा, पंपानं व्हॅक्यूम करा, मग युनिटवर लिहिलेला गॅस वजन करून भरा.’ गळती कुठे सापडली आणि गॅस किती भरला, हे बिलावर लिहून घे. महिन्याभरात पुन्हा गरम वारा आला, तर पैसे काढायच्या आधी तेच बिल त्याच्यापुढे ठेव.