स्थूल देह आणि लोकांचा न्याय

सन १९६१ मध्यें अमेरिकेंतील कांहीं संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनीं दहा-अकरा वर्षांच्या ६४० मुलामुलींपुढें सहा चित्रें मांडलीं होतीं. प्रत्येक चित्रांत एकेक मूल होतें. एक धडधाकट, दुसरें कुबड्यांवर उभें, तिसरें चाकांच्या खुर्चींत बसलेलें, चौथ्याला एक हात नव्हता, पांचव्याच्या चेहऱ्यावर व्यंग होतें, आणि सहावें केवळ लठ्ठ होतें. यांपैकीं कोणतें मूल सर्वांत आवडतें, त्याच्या खालोखाल कोणतें, असें विचारून क्रम लावून घेतला. धडधाकट मूल पहिलें आलें, यांत नवल नाहीं. नवल हें कीं, लठ्ठ मूल सर्वांच्या शेवटीं आलें. हाच प्रयोग पुन्हां करून त्याचा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. मधल्या चाळीस वर्षांत त्या देशांत लठ्ठ मुलांची संख्या पुष्कळ वाढली होती. तेव्हां संवयीनें तरी नावड कमी व्हावी, असें आपणांस वाटेल. ती कमी न होतां उलट वाढलेलीच आढळली.

याचें कारण काय असावें? हात नसलेल्या मुलाकडे पाहून आपण म्हणतों, "बिचाऱ्यावर प्रसंग आला." लठ्ठ मुलाकडे पाहून म्हणतों, "याला खाणें आवरत नाहीं." एकाचें शरीर दैवानें दिलेलें, दुसऱ्याचें त्यानें स्वतः करून घेतलेलें, अशी ही वांटणी आहे. ती एकदां मनांत ठसली म्हणजे पोटाच्या घेरावरून आळस, अधाशीपणा, मंदबुद्धि, दुबळा निश्चय, सारें कांहीं आपण वाचूं लागतों. जिना चढतांना सडपातळ मनुष्य थांबला तर तो दमला. लठ्ठ मनुष्य थांबला तर तो आळशी!

हा न्याय सर्व काळीं सारखा नव्हता. शेक्सपिअरच्या 'ज्यूलिअस सीझर' नाटकांत सीझरला भोंवतीं पुष्ट माणसें हवीं असतात. कॅशियसचा कृश देहच त्याला धोक्याचा वाटतो. जेथें दुष्काळाची धास्ती घरोघर असे, तेथें सुटलेलें पोट ही सुबत्तेची खूण होती. 'खाऊनपिऊन सुखी' हे आपले शब्द अजूनहि अर्धे कौतुकाचे व अर्धे थट्टेचे असतात. लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीला मराठी प्रेक्षकांनीं 'जाड्या-रड्या' म्हटलें. त्यांतील रड्याला निदान मुद्रेवरील भावावरून नांव मिळालें. जाड्याला मात्र देहापलीकडे कांहीं मिळालें नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'अष्टौनिन्दितीय' नांवाचा अध्याय आहे. देहाच्या दृष्टीनें निंद्य ठरविलेले आठ पुरुष त्यांत सांगितले आहेत: अति उंच, अति ठेंगू, अति केसाळ, केशहीन, अति काळा, अति गोरा, अति स्थूल व अति कृश. उंचीबद्दल किंवा वर्णाबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाहीं. पण त्याच यादींतील स्थूलाला आपण तो विचारतों. त्याच अध्यायांत स्थौल्याचीं कारणें दिलीं आहेत. फार खाणें, व्यायाम न करणें, दिवसा झोंपणें, चिंता नसणें, हीं तर आहेतच. परंतु सर्वांच्या शेवटीं 'बीजस्वभाव' म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति, हेंहि एक कारण आहे. चव्हाट्यावर न्याय करणारे नेमकें हेंच गाळतात.

आधुनिक शास्त्रानें या शेवटच्या कारणाला मोठीच पुष्टि दिली आहे. डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांचा अभ्यास १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांची स्थूलता किंवा कृशता, ज्यांच्या ताटांत तीं जेवलीं त्या दत्तक आईबापांशीं जुळेना, जन्मदात्यांशीं जुळली. पुढें १९९४ मध्यें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं जें मूलतत्त्व शोधलें, त्यांतून 'लेप्टिन' या द्रव्याची ओळख झाली. शरीरांतील चरबीच हें द्रव्य तयार करते आणि 'सांठा पुरेसा आहे' असा निरोप रक्तावाटे मेंदूला पोंचविते.

हा निरोप पोंचलाच नाहीं तर? इंग्लंडमधील पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबांत नात्यानें भावंडें असलेलीं दोन मुलें होतीं. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचें २९. त्यांच्या शरीरांत लेप्टिन जवळजवळ नव्हतेंच, असें १९९७ मध्यें सिद्ध झालें. अंगावर एवढा सांठा असून मेंदूला मात्र रात्रंदिवस दुष्काळाची वार्ता! मुलगी नऊ वर्षांची असतां तिला रोज लेप्टिन टोंचण्यास आरंभ झाला. भूक उतरली आणि एका वर्षांत वजन १६.४ किलोंनीं घटलें. जिला 'हांवरी' म्हणणें कोणासहि सोपें होतें, तिची हांव सुईनें गेली. उपदेश लागला नाहीं.

अशीं उदाहरणें अत्यंत विरळा, हें खरें. बहुतेकांच्या बाबतींत बीज, आहार, बैठें काम, स्वस्त व निकस अन्न, क्वचित् औषधेंहि, असें सर्व मिळून वजन वाढतें. आणि त्यापासून मधुमेहासारखे विकार जडतात, तेंहि कोणी नाकारूं नये. परंतु तें सांगण्याचें काम वैद्याचें. आणि २००३ मध्येंच प्रसिद्ध झालेल्या ६२० अमेरिकन डॉक्टरांच्या पाहणींत निम्म्याहून अधिकांनीं अशा रोग्यांना बेढब व सांगितलेलें न ऐकणारे मानलें होतें. ही नजर ओळखणारा रोगी दवाखान्याची पायरी चढण्याचें लांबणीवर टाकतो. नोकरींत वजनावरून भेद करण्यास मिशिगन राज्यानें १९७६ मध्यें कायद्यानें बंदी केली. पण नजरेला कायदा कोठून लावावा?

आपल्या पटांगणावर विद्यार्थिबंधूंनीं पाहावें. हुतूतूच्या डावांत प्रतिपक्षाला अडविण्यासाठीं जो भारी गडी आपण आग्रहानें आपल्या बाजूस घेतों, तोच धांवण्याच्या शर्यतींत उतरला म्हणजे दोहों बाजूंनीं हंशा उठतो. पुढच्या वर्षीं तो शर्यतीला नांव देत नाहीं.