मनावरील ताण व आपली मज्जासंस्था



पेरणी आटोपते, सोयाबीन दोन पानांवर येते आणि पाऊस दडी मारतो. मग रात्री डोळा लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, घरच्यांवर चिडचिड होते. हा केवळ मनाचा खेळ नसून शरीरातील मज्जासंस्थेचे काम आहे. ते समजून घेतल्यास ताण बराच आटोक्यात ठेवता येतो.

ताण येतो म्हणजे काय होते?

आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचे मुख्य दोन भाग आहेत. बांधावर साप दिसताच अनुकंपी भाग जागा होतो. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते. ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचन मंदावते. जीव वाचविण्यासाठी हे आवश्यकच असते. धोका टळला की परानुकंपी भाग शरीर पुन्हा शांत करतो.

साप निघून जातो. कर्जाचा हप्ता व बाजारभावाची चिंता मात्र महिनोन् महिने राहते. संत्र्याला बहारासाठी ताण देतात, पण ठरावीक दिवसच; तो लांबला तर झाड वाळते. माणसाचेही तसेच आहे. सततच्या ताणाने झोप मोडते व रक्तदाब वाढू शकतो.

काय करावे?

1) संथ श्वास : विसाव्याच्या वेळी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा चालतो. तो 6 वर आणावा. नाकाने 4 सेकंद श्वास घ्यावा, 6 सेकंद सोडावा. श्वास सोडताना ठोके मंदावतात. सकाळी व झोपण्यापूर्वी 5 मिनिटे करावे. चक्कर आल्यास थांबावे.

2) झोप : संध्याकाळनंतर चहा व तंबाखू टाळावी. दारूने झोप लागते, पण मध्येच मोडते. रात्री ओलित करावे लागल्यास दिवसा झोप भरून काढावी.

3) हिशेब कागदावर : देणे, येणे व कामे लिहून काढावीत. पाऊस आपल्या हाती नाही. कोळपणी करून ओल टिकविणे आहे. हाती असलेले काम आधी करावे.

4) बोलणे : अडचण घरात व विश्वासू मित्राला सांगावी.

सावधान!

फवारणीनंतर खूप घाम, लाळ, मळमळ, धाप किंवा स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसल्यास त्यास ताण समजू नये. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामातच बिघाड करतात. औषधाचा डबा सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा. छातीत दुखत असल्यासही थांबू नये.

उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास डॉक्टरांना भेटावे. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. घरातील कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर त्यास एकटे सोडू नये. कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

गेलेला हंगाम पुन्हा येतो. गेलेला माणूस येत नाही, हे ध्यानी ठेवावे.