गाजरगवताची त्वचाबाधा आणि औषधी स्निग्ध मलमाचा वापर

भारतात गाजरगवताची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. पुढे बंगळुरूच्या मोकळ्या जागा व रस्त्यांच्या कडाही या तणाने व्यापल्या. त्याच्या जैविक नियंत्रणासाठी मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा बंगळुरू येथे १९८४ मध्ये सोडण्यात आला. तो पाने फस्त करतो. मात्र कोरड्या हंगामात जमिनीत सुप्तावस्थेत जातो. नेमक्या त्याच काळात वाळलेल्या गवताची धूळ उडते आणि तण काढणाऱ्यांची त्वचाही सर्वाधिक शुष्क असते.

या तणातील पार्थेनिन हे द्रव्य ॲलर्जी निर्माण करते. पापण्या, मान, कोपराची व गुडघ्याची लवण येथे प्रथम खाज सुटते. बाधा वर्षानुवर्षे राहिल्यास त्वचा जाड, कोरडी व भेगाळ होते. अशा त्वचेतून पाणी लवकर उडून जाते आणि धूळ सहज आत शिरते. म्हणून दाह शमल्यानंतरही स्निग्ध मलम चालू ठेवावे लागते.

स्नान कोमट पाण्याने, थोडक्यात करावे. अंग टिपून, त्वचा ओलसर असतानाच मलम केसांच्या दिशेने हळुवार पसरावे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेले मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. शेतातून परतल्यावर आधी हातपाय धुवावेत, मगच मलम लावावे. अन्यथा धूळ मलमाखालीच राहते.

मलमावर 'युरिया' हा शब्द वाचून शेतकरी बुचकळ्यात पडतात. निरोगी त्वचेच्या बाह्य थरातही युरिया असतो. मलमातील ५ ते १० टक्के युरिया पाणी धरून ठेवतो. २० टक्क्यांहून अधिक असल्यास टाचेची जाड कातडी मऊ करतो. तथापि उघड्या भेगांवर तो झोंबतो. तेथे भेग भरेपर्यंत साधी पेट्रोलियम जेली बरी. पोत्यातील खत तेलात कालवून टाचांना लावण्याचा प्रयोग मात्र कदापि करू नये. ते शुद्ध औषधी द्रव्य नव्हे.

स्टिरॉइडयुक्त मलम ही वेगळी बाब आहे. दाह तत्काळ ओसरतो म्हणून ते चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळले जाते आणि त्वचा पातळ होते. त्याची मात्रा व मुदत त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवावी. शेवंती व सूर्यफूल याच कुळातील असल्याने, त्यांच्या तोडणीनंतर खाज वाढल्यास तेही तज्ज्ञांना सांगावे. पॅराफिनयुक्त मलम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. चुलीजवळ बसताना ते बदलावेत.