नित्यक्रम मोडला असता मनाची स्थिरता

व्यापाऱ्याचा दिवस आखलेला असतो. पहाटे उठणे, मंदिरात दर्शन, दुकान उघडणे, निरखाची चौकशी, बाजारातील सौदे, सूर्यास्तापूर्वी भोजन आणि मग रोजमेळ. वर्षानुवर्षे ह्या चाकोरीतून गेलेल्या मनुष्यास आपण स्वभावतःच शांत आहोत असे वाटू लागते. परंतु ही शांतता त्याची स्वतःची आहे, की चाकोरीने त्याला उसनी दिलेली आहे, ह्याची परीक्षा चाकोरी मोडते त्या दिवशी होते.

आपणां सर्वांची ही परीक्षा २०२० साली झाली. २५ मार्च रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तो दिवस नेमका पाडव्याचा, म्हणजे आपल्या भागातील युगादीचा होता. प्रथम २१ दिवसांसाठी सांगितलेली ही बंदी वाढत वाढत मेअखेरपर्यंत गेली. मंदिरांचे दरवाजे बंद झाले. ६ एप्रिलची महावीर जयंती मिरवणुकीवाचून घरोघरी साजरी झाली. धान्य व डाळी जीवनावश्यक म्हणून बंदीतून वगळल्या होत्या हे खरे, तथापि हमाल गावी गेलेले, लॉरीची शाश्वती नाही आणि उद्या काय हुकूम येईल हे ठाऊक नाही, अशा स्थितीत घाऊक व्यापार करणे म्हणजे काय, हे अमरगोळच्या बाजार आवारात व्यापार करणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

आपल्या गावाने असे दिवस पूर्वीही पाहिले आहेत. १८९८ साली हुबळीत प्लेगची भयंकर साथ होती. आदल्याच वर्षी डॉ. हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. ती त्या साथीत येथील हजारो लोकांस टोचण्यात आली. तेव्हाही दुकाने होती, देणी होती, घरात लहान मुले होती. संकट ओसरले आणि बाजार पुन्हा भरला.

आता मूळ विषयाकडे वळू. जैन गृहस्थाच्या व्रतांत ह्या परीक्षेची तयारी फार पूर्वीच सांगून ठेवलेली आहे. दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात देशव्रत येते. ठराविक काळापुरती आपल्या हिंडण्या-फिरण्याची मर्यादा आपणच आखून घ्यावयाची, हे त्याचे स्वरूप. आज ह्या गल्लीपलीकडे जाणार नाही, अमुक वेळेपर्यंत ह्या घराबाहेर पडणार नाही, असा तो संकल्प असतो. टाळेबंदीने सरकारी हुकुमाने जे करावयास लावले, ते व्रती गृहस्थ खुशीने करीत आला आहे. बंधन बाह्यतः तेच. परंतु आधी स्वेच्छेने सोसून पाहिलेले बंधन पुढे लादले गेले तरी जड वाटत नाही.

ह्या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, पाहिले असता आचार्यांनी मनुष्यस्वभाव किती बारकाईने जाणला होता हे ध्यानी येते. मर्यादेबाहेरची वस्तू आणविणे, दुसऱ्यास बाहेर धाडून काम करून घेणे, आवाज करून बाहेरच्यास सूचना देणे, आपले रूप दाखवून खूण करणे आणि खडा वगैरे फेकून लक्ष वेधणे, असे ते पाच आहेत. देह आत बसला आणि मन मात्र कुंपणावरून उड्या मारीत राहिले, तर व्रत कसले, असा त्यांचा आशय आहे. टाळेबंदीत आपल्यापैकी कित्येकांची हीच गत झाली. देह माजघरात, परंतु हातातील फोन क्षणभर खाली नाही. दर तासाला निरख, दर अर्ध्या तासाला बातमी. अशा बसण्याने विश्रांती मिळाली नाही आणि कामही झाले नाही. घरातील माणसांवर चिडचिड मात्र वाढली.

दुसरे साधन सामायिक. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, लाभ-हानी, मान-अपमान ह्यांविषयी समभाव ठेवून बसण्याचा हा अभ्यास आहे. त्यास स्वच्छ जागा लागते आणि निश्चय लागतो. दुकान उघडे असावयास लागत नाही. म्हणून सर्व क्रम विस्कटला तरी हा एक खुंटा जागेवर राहू शकतो. त्याच्या दोषांत अनादर आणि विस्मरण हे दोन सांगितले आहेत, ते व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावेत. गडबडीच्या दिवशी आपण प्रथम जे सोडतो, ते नेमके ह्याच दोन वाटांनी सुटते.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध मुनीम आहेत. त्या दिवसांत पेढी बंद असताही ते रोज ठरल्या वेळी सामायिक करीत, आणि मग घरीच रोजमेळ उघडून तिथी घालीत व खाली ‘व्यवहार नाही’ एवढे लिहीत. नातवंडांनी हसून विचारले असता ते म्हणाले, “व्यवहार नाही, हीही नोंदच आहे.” त्या दोन शब्दांत गेलेल्या दिवसाचा शोक नव्हता व उद्याची धास्तीही नव्हती. पेढी उघडली तेव्हा त्यांच्या वहीत एकही पान कोरे नव्हते.

व्यापाऱ्याची अस्वस्थता त्याच्या घरापुरती राहत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. घाबरलेला व्यापारी माल दाबून ठेवतो, अफवेवर भाव चढवितो, हमालाची मजुरी अडवितो. त्याच्या मनातील खळबळ दोन दिवसांत गरिबाच्या तव्यापर्यंत जाऊन पोहोचते. उलट, स्थिर बुद्धीचा व्यापारी कोठीत पोती किती, गिऱ्हाईक कोण, उधारी कोणाची थांबविता येईल, ह्याचा शांतपणे हिशेब करतो, आणि त्याच्या दारातील रांग धीर धरते. म्हणून समभाव हा आपल्या धंद्याचाही धर्म आहे.

ह्यास्तव तीन गोष्टी आचरणात आणाव्यात. संकट नसताना महिन्यातून एक दिवस तरी देशव्रत घ्यावे आणि त्या दिवशी निरखाची चौकशीही मर्यादेत ठेवावी. रोजच्या क्रमात एक तरी नियम असा असावा, जो बाजार, वाहन वा दुसऱ्या कोणावर अवलंबून नाही. आणि क्रम मोडला की प्रथम कागद घेऊन आज आपल्या हाती काय आहे व काय नाही, ह्याच्या दोन याद्या कराव्यात. जे हाती नाही त्याची चिंता त्या कागदावरच ठेवून उठावे.

पूर, संप, आजारपण, लॉरीचा खोळंबा, घरातील वियोग, ह्यांपैकी काही ना काही प्रत्येकाच्या वाट्यास येणारच. पावसाळ्यासाठी कोठीतील पोत्यांखाली आपण उन्हाळ्यातच फळ्या घालतो. मनाखालीही तशा फळ्या आधीच घालून ठेवाव्यात, एवढीच सर्व बंधुभगिनींस विनंती.