मोबाइलवरची पिस्तुले आणि परवान्यावरचे पिस्तूल

प्रश्न : मी वसमत भागात हळदीचा व्यापार करतो. हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री जाणे-येणे असते. शस्त्र परवान्यासाठी अर्ज करायचे ठरवले आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांच्या तुलना मोबाइलवर पुष्कळ पाहिल्या, पण काही ठरत नाही. आपल्याकडे काय मिळते आणि निवडताना काय पाहावे?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : त्या तुलना बाजूला ठेवा. त्यांतली बहुतेक पिस्तुले ९ मि.मी.ची असतात आणि हा बोअर आपल्याकडे सैन्य-पोलिसांचा. सामान्य नागरिकाला तो निषिद्ध आहे. हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना तसा परवाना देण्याचा अधिकारच नाही. असे निषिद्ध शस्त्र विनापरवाना सापडले, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शिक्षा किमान सात वर्षांची आहे. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ते ऑटोमॅटिक शस्त्रही निषिद्धच. चाप एकदा ओढला की एकच गोळी, ते सेमी-ऑटोमॅटिक. त्यातले .३२ बोअरचे पिस्तूल तुम्हाला परवान्यावर घेता येते.

वर्तमानपत्रांत ज्याला ७.६५ मि.मी. म्हणतात तो हाच बोअर. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग याने हे काडतूस १८९९ च्या सुमारास आणले. आपल्याकडे सरकारी आयुध कारखान्यांचे 'अशनी' पिस्तूल या बोअरचे आहे. रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर कानपूरचे कारखाने आहेत : २०१४ मध्ये आलेले हलके 'निर्भीक' आणि २०२३ मधले 'प्रबळ'. हे कारखाने २०२१ पासून 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या सरकारी कंपनीखाली आहेत. अलीकडे काही खासगी कारखान्यांनाही परवाने मिळाले आहेत. एक खबरदारी घ्या : पिस्तुलाचे .३२ आणि रिव्हॉल्व्हरचे .३२ ही काडतुसे वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब आणि बुडाशी कडा असलेले, तर पिस्तुलाचे आखूड. एकाचे दुसऱ्यात कधीही घालायचे नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नागरी वापराची काडतुसे पूर्वीपासून बनत आली आहेत.

जुनी विलायती पिस्तुलेही दुकानात दाखवली जातील. खासगी माणसाला परदेशी शस्त्र आणणे ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद आहे; त्यामुळे जी आधी आली तीच हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत कित्येक लाखांत जाते. माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नका. स्प्रिंग तुटली, मॅगझिन हरवले, तर सुटा भाग कुठून आणणार?

आता खरी निवड पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्यातली. पिस्तूल चपटे, कमरेला बसते, गोळ्या थोड्या जास्त. पण त्याची सवय लागते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नवख्याला वाटते. चेंबरमध्ये एक गोळी तशीच बसलेली असते. साफ करताना, कोणाला दाखवताना होणारे अपघात यातूनच होतात. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे, हा क्रम हाताला इतका भिनला पाहिजे की घाईतही चुकणार नाही. गोळी फुटली नाही, अडकली, तर स्लाइड ओढून ती मोकळी करावी लागते, आणि भेदरलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडले की सगळ्या गोळ्या समोर दिसतात; एखादी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा, पुढची येते. चाप मात्र जड असतो, नेम साधायला मेहनत पडते.

म्हणून विचार ब्रँडचा नको, सरावाचा करा. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षण घेणे आलेच आहे, पण एकदा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे हात बसला असे नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. तेही सेमी-ऑटोमॅटिकच, .२२ बोअरचे, त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे. तुम्हाला पदक नको आहे, मान्य. पण रेंजवर नियमित जाणे होणार नसेल, तर मी तुम्हाला रिव्हॉल्व्हरच सांगेन.

दुकानात रिकामे शस्त्र हातात घेऊन पाहा. स्लाइड स्वतःच्या ताकदीने पूर्ण मागे येते का? मूठ न हलवता बोट चापापर्यंत आणि अंगठा सेफ्टीपर्यंत पोहोचतो का? डावखुरे असाल तर हे दोनदा तपासा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पातळ सदऱ्याखाली ते लपेल का, हेही पाहा. घामाने पोलादाला गंज चढतो. पुसणे आणि तेल लावणे हे कायमचे काम आहे.

रोकडीबद्दलही बोलायला हवे. व्यवहार बँकेतून वळवता येत असेल तर तोच मोठा बचाव. अचानक अंगावर आलेले चार जण तुम्हाला शस्त्र काढायला वेळ देत नाहीत. पैशांबरोबर तेही नेतात, आणि पुढे ते कोणावर चालेल सांगता येत नाही. रानडुकरांसाठीही याचा उपयोग होईल असे मनात असेल तर ते सोडा : पिकाच्या रक्षणासाठी कायद्यात लांब नळीची किंवा ठासणीची बंदूक आहे, आणि रानडुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

'परवान्याची कटकट कशाला' म्हणून कोणी गावठी पिस्तूल सुचवेल. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीहून अशी पिस्तुले महाराष्ट्रात येतात, पोलीस ती वरचेवर पकडतात. त्यांची नळी हातात फुटू शकते आणि विनापरवाना शस्त्राची शिक्षा २०१९ पासून किमान दोन वर्षे झाली आहे.

आणि अर्ज करण्याआधी घरातले जुने शस्त्र कोणाच्या नावावर आहे ते बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि आजोबांकडून आलेली बारा बोअरही त्या दोनांतच मोजली जाते.